अनुभव धागा: माया नगरं, जंगलातल्या नद्या आणि प्रवाळ

बेलीझ, ग्वाटेमाला, मेक्सिकोचा दक्षिण भाग. प्राचीन माया लोकांच्या या पट्ट्यात छोट्या गटाने फिरून आलेल्यांनी इथे लिहावं, म्हणून हा धागा. पॅकेजचे दर आणि हॉटेलांची नावं नकोत. तुम्ही काय पाहिलंत, अंगावर काय आलं, पुन्हा जाल तर काय वेगळं कराल, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही मोजकेच लोक होतो आणि आमचा गाइड मोपान माया, म्हणजे त्याच भागातला, त्याच लोकांतला. काराकोल या जुन्या माया नगरात काना नावाचा उंच पिरॅमिड आहे, सुमारे ४३ मीटर. आजही बेलीझमधल्या सर्वांत उंच बांधकामांत त्याची गणना होते. काराकोलजवळ नदी नाही, लोक तलाव खोदून पावसाचं पाणी साठवत. आणि समुद्रापासून इतक्या आत असूनही तिथल्या पुरलेल्या अर्पणांत शिंपले आणि पाकट माशाचे काटे सापडले आहेत. राजघराण्यातले लोक देवांना स्वतःचं रक्त वाहायचे, त्यासाठी हे काटे लागत. हे ऐकलं आणि सहलीचा क्रम मला पटला: आधी जंगल, मग नदी, शेवटी समुद्र. मकाल नदीत डोंगी घातली तेव्हा फांद्यांवर हिरवे इग्वाना ऊन खात पसरले होते. पुढे मकाल आणि मोपान मिळून बेलीझ नदी होते आणि ती थेट कॅरिबियनला जाते. जुना मालवाहतुकीचा रस्ता हाच.

*

धाग्याबद्दल आभार, ताई. मी बेलीझमधल्या आक्तुन तुनिचिल मुक्नालबद्दल लिहितो, कारण त्या गुहेची तयारी करून जावं लागतं.

गुहेच्या तोंडाशीच पाणी खोल आहे, काही मीटर पोहूनच आत शिरायचं. लाइफ जॅकेट आणि दिव्याचं हेल्मेट देतात, पण पाण्याची भीती असेल तर गाइडला आधीच सांगा. आमच्यातल्या एका काकूंना त्याने हात धरून नेलं, सगळा गट मागे थांबला. पन्नास जणांच्या बसमध्ये हे होत नाही. पुढे प्रवाहातून, दगडांच्या फटींतून बराच वेळ चालल्यावर एक मोठा खडक चढून कोरड्या दालनात पोचतो. तिथे बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर चालायचं, कारण मडकी जमिनीवरच आहेत, चुन्याच्या थरात रुतलेली. बऱ्याच मडक्यांना मुद्दाम भोक पाडलेलं दिसतं. सर्वांत आत एक अख्खा सांगाडा, स्फटिकांनी चमकणारा.

ही अर्पणं मुख्यतः आठव्या-नवव्या शतकांतली, पाऊस ओढ देऊ लागला त्या काळातली. पर्जन्यदेव चाकसाठी लोक गुहेत अधिकाधिक खोल जात राहिले, असं अभ्यासक मानतात. मी मराठवाड्यातला. दुष्काळात माणसं देवापुढे काय काय करतात ते घरात ऐकत मोठा झालो, त्यामुळे तिथे माझ्याच्याने बोलवेना.

कॅमेरा पूर्ण बंद. एका पर्यटकाच्या हातून तो कवटीवर पडला, त्यानंतर २०१२ पासून हा नियम आहे. मला तो शंभर टक्के योग्य वाटतो.

*

आमची घोलवडला चिकूची वाडी आहे, म्हणून ग्वाटेमालातल्या तिकाल या माया नगरात माझी नजर आधी झाडांवर गेली. चिकू मूळचा याच प्रदेशातला! पण आपल्याकडे कलमं बुटकी ठेवतात. तिथे जंगलात तो उंचच उंच जातो. खोडांवर तिरक्या वाकड्या रेघांचे जुने वण दिसतात. च्युइंग गमसाठी चीक काढणारे लोक वर चढून कोयत्याने चिरा पाडत. काही देवळांच्या दारांवरच्या तुळया याच लाकडाच्या आहेत आणि हजार-बाराशे वर्षं टिकल्या आहेत. कोरीव कामाच्या काही तुळया काढून युरोपात नेल्या. चौथ्या देवळाच्या तुळया स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहेत.

चौथं देऊळ सुमारे ६५ मीटर उंच. लाकडी जिन्याने वर जाता येतं. पहाटे गेलात तर हाउलर माकडांचा आवाज ऐकाल. पहिल्यांदा वाघच वाटतो. घरी बाबांना खोडाचे फोटो दाखवले तर ते वणांवर बोट ठेवून, चिरा किती खोल असतील आणि झाड कसं सावरलं असेल, तेच विचारत बसले.

*

आम्ही मेक्सिकोच्या बाजूने गेलो, आईला घेऊन. याश्चिलान या माया नगराला रस्ताच नाही. फ्रोंतेरा कोरोसालहून लांबट होडीने उसुमासिंता नदीतून जावं लागतं. एका काठाला मेक्सिको, दुसऱ्या काठाला ग्वाटेमाला. उतरल्यावर अंधाऱ्या बोळांतून जावं लागतं, छताला वटवाघळं. आई सत्तरीची आहे. पायऱ्या चढताना गाइड तिच्या पुढे दोन पायऱ्या राहून वळून वळून पाहत होता. बोनाम्पाक या दुसऱ्या माया नगरातली भित्तिचित्रं त्याच दिवशी पाहिली, पण घाईत. त्यांना वेगळा दिवस द्या.

*

समुद्राबद्दल मी लिहिते. ब्लू होल म्हणजे बेलीझच्या समुद्रातला खोल गोल खड्डा, वरून, विमानातूनच सुंदर: ३०० मीटर रुंद, १२० मीटरहून खोल. डायव्हिंग येत नसेल तर तिथे पैसे घालवू नका. होल चान राखीव क्षेत्र १९८७ पासून सांभाळलेलं आहे, तिथे जा. नुसत्या स्नॉर्केलवर कासव, पाकट, नर्स शार्क सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. हात मात्र लावायचा नाही.

बेलीझचे प्रवाळ १९९६ मध्ये जागतिक वारसा झाले, २००९ मध्ये धोक्याच्या यादीत गेले. खारफुटी तोडणं हे त्याचं एक मोठं कारण. समुद्रातल्या तेलउत्खननावर देशाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये ते यादीतून बाहेर आले. एवढ्याशा देशाने हे केलं याचा मला फार आदर वाटतो. तरी सगळं आलबेल नाही. २०१९ पासून प्रवाळांना झपाट्याने मारणारा एक रोग तिथे पसरला आहे. मेंदूसारख्या वळ्यांचा एक मोठा गोळा पाहिला, अर्धा तपकिरी जिवंत, अर्धा पांढराफटक, मधली रेघ स्पष्ट. सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला.

*

शाकाहारींसाठी: राजमाभात सगळीकडे मिळतो, पण राजम्यात डुकराची चरबी किंवा शेपटी घालतात, तेव्हा विचारूनच घ्या. फ्राय जॅक म्हणजे जवळजवळ आपली पुरी, न्याहारीला उत्तम. बेलीझच्या दक्षिणेला तोलेदो जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज राहतात, त्यांच्या रश्शात हळद असते. गटाच्या कार्यक्रमात तोलेदो सहसा नसतं. गाइडला सांगून एक दिवस मागून घ्या, छोट्या गटात तेवढं जमतं.