मदत हवी आहे : शिवालिकच्या वाळूखडकातून झिरकॉन कसे वेगळे करू?

नमस्कार मंडळी. नाशिकला भूशास्त्रात एमएस्सी करतेय. प्रकल्पासाठी हिमाचलातल्या नाहनजवळचा शिवालिक वाळूखडक आणलाय. ही वाळू हिमालयाच्या कुठल्या पट्ट्यातून वाहून आली, ते त्यातल्या झिरकॉन या जड खनिजाच्या कणांच्या वयावरून बघायचंय. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. त्या युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं, म्हणून पुढे साठलेल्या शिशावरून एकेका कणाचं वय निघतं. लघु हिमालयाच्या जुन्या थरांत १८०-१९० कोटी वर्षांचे कण भरपूर, उच्च हिमालयाकडे ८० ते १२० कोटींचेही. वयाची मोजणी बाहेरून करून घेणार आहे, घोडं अडलंय ते त्याआधीच.

आपल्याकडे जिकडेतिकडे बेसाल्ट! सरावाला गोदेची वाळू धुतली तर ताटलीत नुसतं काळं मॅग्नेटाइट, चुंबकाला मिशांसारखं चिकटणारं. झिरकॉन औषधालाही नाही.

हलके-जड कण वेगळे करायचा जड द्रव म्हणजे ब्रोमोफॉर्म, पण तो विषारी म्हणून सर हात लावू देत नाहीत (बरोबरच आहे त्यांचं). सोडियम पॉलिटंगस्टेटचं द्रावण २.९ घनतेला ठेवलं की क्वार्ट्झ तरंगेल, झिरकॉन बुडेल. पण ते फार महाग. कुणी गाळून, आटवून पुन्हा वापरलंय का? किती वेळा चालतं?

आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण निवडताना मोठे, टोकदार, देखणे तेवढेच उचलले जातात. तुम्ही सरसकट ओतून चिकटवता का? शंभरेक कण पुरतात का?

नाशिक-पुण्यात कुणाकडे चुंबकीय विभाजक असेल तर प्लीज सांगा, नमुना घेऊन मी येईन.