शब्बाथला जोखड म्हणणाऱ्यांना उत्तर

रेवदंडेकर: नगरकर, काल तुम्ही लिहिलंत, 'शब्बाथ हे यहुद्यांच्या मानेवरचं जोखड, येशूने ते उतरवून रविवार दिला.' रात्रभर डोक्यातून जाईना. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. शब्बाथ म्हणजे आमचा शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसावा. शनिवारी आमचे घाणे बंद, म्हणून कोकणात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. ज्या दिवशी बैलाच्याही मानेवर जू नसे, तो दिवस जोखड? बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 5वा अध्याय काढा, शब्बाथची आज्ञा वाचा. दास, दासी, बैल, गाढव, सगळ्यांना विसावा, कारण तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होता!

नगरकर: बैलाचं कोण बोललं? मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या ग्रंथात शब्बाथला मनाई केलेल्या कामांचे 39 प्रकार आहेत, त्याबद्दल बोला. येशूच्या शिष्यांनी शब्बाथच्या दिवशी कणसं मोडली तर परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, अंगावर आले. 'शब्बाथ मनुष्यासाठी झाला' हे येशूला सांगावं लागलं, मार्क 2:27. येशू मेलेल्यांतून उठला आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणून आमचा रविवार.

रेवदंडेकर: जीव वाचवायला शब्बाथ मोडावाच, हे रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरूही सांगतात. येशू यहुदीच होता, तो वाद घरातला होता. तुमच्या रविवारला कायद्याने सुट्टी दिली ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने, 321 साली. त्यात शेतकऱ्याला कामाची मुभाच ठेवली. बैल जुंपलेलाच!

वसईकर: अर्धवट सांगू नका. त्याच्या कितीतरी आधी लोक पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमत. प्रेषितांची कृत्ये 20:7.

परळकर: मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार ना रब्बीने दिला ना पाद्र्याने. नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा 1890 मध्ये मिळाला. माझे पणजोबा साच्यावर होते, घरात हे नाव देवासारखं घेतात.

वसईकर: मान्य. पण रविवारच का? साहेबाचा चर्चचा वार म्हणूनच ना?

परळकर: साहेब आधीही चर्चला जात होताच, मग कामगाराला का झगडावं लागलं? आणि रविवार आमच्या खंडोबाचा. प्रत्येक गोष्ट चर्चच्या खात्यात मांडू नका!

दापोलीची: सगळे पुरुषच भांडताय. आज्ञेतली यादी वाचा: मुलगा, मुलगी, दास, दासी, पशू, उपरी. बायको कुठे आहे? आमच्याकडे रविवारी चर्चहून आल्यावर आई पंधरा माणसांचं रांधायची, बाबा आडवे व्हायचे.

रेवदंडेकर: आमच्याकडे शनवारी चूल पेटत नसे. पण खरं सांगायचं तर आजी शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत दुप्पट राबायची.

नगरकर: 'जोखड' शब्द मागे घेतो. तेवढाच. रविवार सोडणार नाही. बाकी आमच्या आईचंही दापोलीच्या ताई म्हणतात तसंच होतं, आणि आम्ही कुणी कधी तिला बस म्हटलं नाही.