दोनच क्लास जमणार आहेत, कोणते करू?

सातवा_महिना: २८वा आठवडा चालू आहे. समोर चार क्लास आहेत, बाळंतपणाची तयारी, स्तनपान, बाळाची काळजी आणि बाळासाठी सीपीआर (श्वास किंवा हृदय बंद पडलं तर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार). नोकरीमुळे दोनच जमतील. नवऱ्याने आजवर तान्हं बाळ हातातही घेतलेलं नाही!

जुळ्यांची_आई: आधी स्तनपानाचा. मी सोडला होता, 'ते काय, आपोआप जमतं' म्हणून. तिसऱ्या रात्री दोघं रडतायत, मीही रडतेय. बाळं नुसती बोंडाला लटकत होती. तोंड मोठं उघडून हनुवटी स्तनाला टेकायला हवी, हे नर्सने नंतर दाखवलं. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे चूक तितक्यांदा दुखते. डायपरचं काय, दोन दिवसांत हात बसतो.

रात्रपाळी_बाबा: सीपीआर. पण बाहुलीवर स्वतः करायला देतात ना, ते विचारा. व्हिडिओ बघून जोर किती लावायचा ते कळत नाही. घशात अडकून श्वास कोंडला तर पाठीवर ५ थापा, मग छातीवर ५ दाब, हे मी झोपेतही सांगेन. नवऱ्याला न्याच.

सातवा_महिना: ठरलं मग, हेच दोन. जुळ्यांची आई, डायपरच्या सरावाला नवरा तुमच्याकडे पाठवू का?