ओटा, प्लाय, सिंक, पिंप: सोलापुरात नवं स्वयंपाकघर केलेल्यांनो, अनुभव लिहा

मालदांडी
विजापूर रोडच्या पुढे घर बांधतोय. भिंती उभ्या राहिल्या, आता स्वयंपाकघर. ९ बाय ११ फूट, खिडकी पश्चिमेला (बदलता येणार नाही, विचारून झालंय). शोरूममध्ये गेलो तर सगळं पांढरंशुभ्र, ओट्यावर फळांची एक परडी आणि बाकी काही नाही. माझ्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, सकाळी वीसेक भाकऱ्या होतात आणि उन्हाळ्यात वर्षभराचं तिखट. असल्या घरात काय टिकलं, कशाचा पस्तावा झाला, ते लिहा. दुकानांची नावं नकोत, वस्तूंबद्दल बोलू.

खलबत्ता
ताई, आधी माझं ऐका, म्हणजे ओटा वाचेल. २०१९ मध्ये काळा ग्रॅनाइट बसवला, १८ मिलिमीटरचा, आरशासारखं पॉलिश. दोन वर्षं मजेत गेली. मग एका रविवारी सासूबाईंनी शेंगाचटणी कुटायला घेतली. मिक्सरची त्यांना चालत नाही. मिक्सरमध्ये कूट होतो, कुटल्यावर तेल सुटतं, असं त्यांचं म्हणणं आणि ते खरंच आहे. लोखंडी खलबत्ता ठेवला सिंकच्या अगदी शेजारी. अर्धी चटणी झाली असेल, ओट्यावर केस दिसला. मी फडक्याने पुसला. पुन्हा पुसला. तो केस नव्हता. सिंकच्या कोपऱ्यातून निघून थेट पुढच्या कडेपर्यंत गेलेला तडा होता.

नंतर कळलं की सिंकसाठी दगड कापला की पुढे जेमतेम अडीच-तीन इंचांची पट्टी उरते, आणि आतला कोपरा काटकोनात कापला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. कोपरे गोल कापून घ्या, पट्टीखाली आधार द्या. शेगडी ओट्यात बसवणार असाल तर तिथेही हेच. खलबत्ता आता जमिनीवर असतो. सासूबाईंना खाली बसवत नाही, म्हणून मी बसते आणि त्या वरून सूचना देतात.

पूर्वभाग
प्लायचं मी सांगतो. ट्रॉल्या करून घेतलो तेव्हा मिस्त्री म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे ओ साहेब." मी पण मान डोलवलो. सिंकखालचा पाईप थेंब थेंब गळायचा, कुणाला पत्ताच नाही. वर्षाच्या आत तळाची फळी पापडासारखी फुगली. उरलेल्या तुकड्यावरचा शिक्का बघितलो तर एमआर. म्हणजे दमट हवा सोसणारं, पाणी नव्हे.

दुसऱ्या वेळी दोन दुकानांतून वीतभर तुकडे मागून आणलो आणि अम्माच्या इडलीच्या भांड्यात उकळत ठेवलो. चार तासांत एक तुकडा वहीसारखा उलगडला, दुसरा जशाच्या तसा. तो आयएस ७१० या भारतीय मानकाचा होता, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) किंवा मरीन म्हणतात तो. त्याची खरी चाचणी ७२ तास उकळून करतात, पण तेवढा गॅस घरात कोण जाळू देणार? चार तासांतच अम्मा तीन दिवस बोलली नाही माझ्याशी, आणि भांडं अजून बाहेरच आहे.

सगळीकडे ७१० लावून खर्च वाढवू नका. सिंकखाली आणि ओट्याखाली लावा, वरच्या कपाटांना आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (त्याहून कमी पाणी सोसणारा) पुरतो लई झालं. आणि कडेची पट्टी चारही बाजूंनी मारून घ्या. मागची बाजू दिसत नाही म्हणून मिस्त्री सोडतात, पाणी तिथूनच आत जातं.

होटगीरोड
बोअरचं पाणी वापरणार असाल तर काळा मॅट नळ घेऊ नका. आठवड्यात क्षारांचे पांढरे ठिपके, जणू चुना उडालाय. आमचा दीड वर्षात राखाडी झाला. सिंकही चकचकीत नको, ब्रश फिनिशचं घ्या. लिंबू चोळून डाग जातात, पण तेच लिंबू कडाप्प्यावर सांडलं तर दगडच पांढरा पडतो. कडाप्पा चुनखडीचा, त्याला आंबट सोसत नाही. चिंच, ताक, टोमॅटो, सगळंच. ओट्याला ग्रॅनाइट, कडाप्पा आतल्या फळ्यांना.

निकेल
ट्रॉलीच्या जाळ्या घेताना चुंबक घेऊन जाणाऱ्यांसाठी (मीही गेलो होतो, खिशात घालून, मोठ्या ऐटीत): चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ स्टील (न गंजणारी चांगली ग्रेड), हे खरं नाही. २०२ या हलक्या ग्रेडलाही तो चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. फरक दिसतो तो मिठाच्या बरणीखाली, सहा महिन्यांनी. बिलावर ग्रेड लिहून मागा.

थापटी
ओट्याच्या उंचीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझी उंची ५ फूट १ इंच. मला ३४ इंचांचा ओटा दिला, म्हणे सगळ्यांचा तेवढाच असतो. भाजी चिरायला ठीक, पोळी लाटायलाही चालतं. भाकरी थापायला घेतली की परात कोपराला येते. थापताना खांद्याचा भार तळहातावर उतरावा लागतो. इथे खांदेच वर उचलावे लागत होते. महिन्याभरात मान धरली. मग पाटावर उभं राहून थापायला लागले, त्यात एकदा तव्याकडे वळताना पाट सरकला. पडले नाही, पण भाकरी गेली.

शेवटी खिडकीखाली २८ इंचांवर दोन फुटांचा वेगळा कट्टा करून घेतला. वर शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली, म्हणजे परात फिरते पण घसरत नाही. शहाबाद आपल्याच रेल्वेलाईनवर, कलबुर्गीच्या पुढे, तरी शोरूमवाल्याने असं तोंड केलं जणू मी शेणाने सारवायला सांगितलंय. ताई, तुम्ही परात घेऊन बांधकामावर जा, विटांचा थर लावा आणि खोटी खोटी भाकरी थापून बघा. गवंडी हसतील, हसू द्या.

झारा
ओट्याला क्वार्ट्झचा (कारखान्यात बनवलेला दगड) विचार असेल तर एवढंच की त्यात राळ असते. भाकरीचा तवा थेट ठेवला आणि पिवळा गोल उमटला, तो अजून आहे. वर आता घडवंची ठेवते.

वळणाचापाईप
पश्चिमेची खिडकी आणि मे महिना, म्हणजे चिमणी आलीच. धूर ओढण्याच्या आकड्यापेक्षा पाईप किती लांब आणि किती वळणं घेतोय ते आधी बघा. आमचा तीन वळणांनी बाहेर जातो, आवाज विमानाचा आणि फोडणीचा ठसका हॉलमध्येच.

मधलीगल्ली
मी जरा उलटं लिहिते. आम्ही मॉड्युलर केलंच नाही. कडाप्प्याच्या फळ्या, अ‍ॅल्युमिनियमची दारं, बस. वाळवीला खायला काही नाही, पाणी सांडलं तर पुसायचं.

आणि बाकी सगळ्यावर बोलून झालं, पिंप कुठे आहे? माझ्या बहिणीकडे सुंदर ट्रॉल्या झाल्या आणि पिंप आलं हॉलमध्ये, सोफ्याशेजारी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ते ट्रॉलीत नाही ठेवता येत. ओट्याखाली एक खण मोकळा सोडा, तळाला सहा इंचांचा पक्का कट्टा, तोटीखाली तांब्या मावला पाहिजे.

मालदांडी
परात घेऊन गेले होते. गवंडी हसले, मग त्यांच्यातल्याच एका बाईने पुढे होऊन थापून दाखवलं आणि म्हणाली, २९ करा. सिंकखाली ७१० ठरलं. पिंप मोजलं: घेर सोडून नुसती रुंदी १७ इंच, उंची झाकणासकट २६. ३४ च्या ओट्याखाली सहाचा कट्टा धरला तर वर उरतात दोन. झाकण उघडायचं कसं आणि पाणी भरायचं कुठून? मधलीगल्ली ताई, तुमचं कसं बसवलंय?

मधलीगल्ली
माझं ओट्याखाली नाही ओ, ओट्याच्या टोकाला आहे. तिथे दगडच कापलाय.