मदत हवी आहे: गोदामातली हार्डडिस्क 57 अंशांवर, गार करू की बदलू?

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. मागच्या पत्र्याच्या गोदामात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आहे, चोरीच्या भीतीने लोखंडी पेटीत कुलूपबंद. एप्रिल लागल्यापासून भर दुपारी मागचं रेकॉर्डिंग लावलं की चित्र अडखळतं, थिजतं. सकाळी तेच सुरळीत चालतं. काट्यावरच्या वजनावरून कुणा शेतकऱ्याशी वाद झाला तर दोघांनाही याच रेकॉर्डिंगचा आधार, म्हणून घोर लागलाय.

डीव्हीआरच्या मेनूत हार्डडिस्कचं तापमान दुपारी 57 दिसलं. डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा 60 आहे. पेटी उघडली तर डीव्हीआरच्या जाळीवर हळदीचा जाड थर, बोट फिरवलं की बोट पिवळं. जाळी साफ करून पेटीचं दार उघडं ठेवल्यावर 51 पर्यंत उतरलं, पण अडखळणं थांबलेलं नाही.

बसवणारा म्हणतो, "उन्हाळा आहे, तापणारच. पंखा लावा." मला तेवढ्यावर पटत नाही. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) तापली की आपोआप वेग कमी करते, फिरत्या तबकडीची डिस्क सहसा तसं करत नाही. मग ती कमकुवत सेक्टर (माहिती साठवायचे छोटे कप्पे) पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय का? कारण स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींच्या) यादीत 5 क्रमांकाला (बदललेले सेक्टर) अजून शून्य आहे, पण 197 ला (वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर) 8 आलेत.

गूगलने 2007 मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात तापमानाचा संबंध वाटतो तितका सरळ निघाला नाही. जास्त उष्णतेचा फटका दिसला तो मुख्यतः तीन वर्षांपुढच्या डिस्कना. आमची चौथ्या वर्षात आहे. त्याच अभ्यासात 197 वर पहिला आकडा चढलेल्या डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता तसा आकडा नसलेल्या डिस्कच्या 16 पट आढळली होती. मला 57 पेक्षा या 8 चीच धास्ती जास्त वाटते.

जाणकारांनी सांगावं: गार केल्यावर हे 8 सेक्टर सावरू शकतात का, की नवीन डिस्क घेणंच बरं? वादाच्या दिवसांचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढायचंय, ते पहाटे डिस्क गार असताना काढलं तर फरक पडेल का? आणि डीव्हीआर पुढच्या ऑफिसात हलवला तर कॅमेऱ्याची वायर साधारण 40 मीटरने वाढेल, चित्रावर परिणाम होईल का? सौदे जोरात आहेत, डीव्हीआर दिवसा बंद ठेवता येणार नाही.