जुनी पेन्शन: संपाचा दाब नेमका कोणावर पडतो?

हिशोबी_धंतोलीकर
नागपुरात हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून पेन्शनचा मोर्चा निघणार, हे ठरलेलंच. १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी, हवी. मागणी समजते, हत्यार पटत नाही. १४ ते २० मार्च २०२३ चा संप आठवा. नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस नि गारपीट. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात, आणि संप नेमका याच लोकांचा! गहू आडवा पडलेला. शेतकऱ्यानं तो उचलायचा की पंचनाम्यासाठी तसाच कुजू द्यायचा?

लेखणीबंद
मार्च उगाच धरला नव्हता, भाऊ. ३१ तारखेच्या आत बिलं कोषागारात गेली नाहीत की अनुदान व्यपगत होतं, म्हणजे न वापरलेला पैसा हातचा जातो. सरकारला दुखतं ते तिथेच. डिसेंबरच्या मोर्च्यानं काय होतं? मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला बॅरिकेड, दोन तास भाषणं, पाच जणांचं शिष्टमंडळ आत, निवेदन, फोटो, घरी. (१९९४ च्या मोर्च्यातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारींचा बळी गेलेल्या शहरात पोलीस गर्दी अडवणारच, त्याबद्दल तक्रार नाही.) काळ्या फिती, सामूहिक रजा हे सगळं आधी करून झालं होतं.

हिशोबी_धंतोलीकर
मग कोषागार आणि लेखा शाखाच बंद ठेवा ना. मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या परिचारिका कशाला बाहेर काढता?

लेखणीबंद
चाळीस जणांनी काम बंद केलं तर चाळीस निलंबित होतात. लाखोंना निलंबित करता येत नाही. संपाचा अधिकार मूलभूत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच सांगितलंय. म्हणजे संरक्षण काय ते संख्येचंच.

आकडेमोड
थोडं पैशाचंही बोला. एनपीएसमध्ये, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणाऱ्या नव्या पेन्शन योजनेत, मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे, १४ टक्के सरकारचे. समजा निवृत्तीला ५० लाख जमले. त्यातले ३० लाख हातात आणि २० लाखांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा ठरावीक रक्कम. सहा टक्क्यांनी महिना १०,०००, जन्मभर तेवढेच. शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल तर जुन्या योजनेत ३०,००० आणि वर महागाई भत्ता, तोही वाढता. ओरड का आहे ते कळतं.
पण मेख वेगळीच आहे. जुनी योजना आणली की सरकारचे १४ टक्के आजच वाचतात. २००५ नंतरची मोठी तुकडी निवृत्त होऊ लागेल ती साधारण २०३५ च्या पुढे. टाळ्या आजच्या मुख्यमंत्र्याला, बिल भलत्याच्याच नावावर.

लेखणीबंद
म्हणून आयुष्यभर राबलेल्यानं शेअर बाजाराकडे बघत म्हातारं व्हायचं?

आकडेमोड
नाही. मधला मार्ग यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम. राज्य मंत्रिमंडळानं २५ ऑगस्ट २०२४ ला स्वीकारला. शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, महागाईसकट. केंद्राच्या रचनेत सरकारचा वाटा १८.५ टक्के, म्हणजे खर्च आजच दिसतो.

लेखणीबंद
निम्मं मिळतं पूर्ण २५ वर्षांना. पस्तिसाव्या वर्षी लागलेली शिक्षिका ५८ ला निवृत्त होते, सेवा २३ वर्षं. तिचे ५० चे होतात ४६ टक्के. भरतीच वर्षानुवर्षं रखडवली सरकारनं, आणि कात्री तिच्या पेन्शनला?

हिशोबी_धंतोलीकर
हा मुद्दा मान्य. तो घेऊन मोर्चा काढा, टी-पॉइंटपर्यंत मीही येतो. पंचनामे तेवढे थांबवू नका.