बीआरसीए निगेटिव्ह, पण पॉलिजेनिक स्कोअर जास्त: प्रोस्टेट कॅन्सरचा धोका नेमका कसा धरायचा?

आडवाउभा
पुरुष, वय ४४. वडिलांना ५८व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सर, निदानाच्या वेळीच हाडांत पसरलेला. ते हयात आहेत, पण त्यांची जनुकीय तपासणी झालेली नाही. सख्ख्या मावशीला अंडाशयाचा कॅन्सर होता. या पुरुषाने स्वतः घरपोच किट मागवून लाळेवर जनुकीय तपासणी केली. अहवालात 'बीआरसीए निगेटिव्ह' (बीआरसीए ही डीएनए-दुरुस्तीची जनुकं; त्यांत रोगकारक बदल असेल तर स्तन, अंडाशय, प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो), पॉलिजेनिक स्कोअर (अनेक छोट्या जनुकीय बदलांवरून काढलेला धोक्याचा आकडा) वरच्या १० टक्क्यांत. पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) १.४. निगेटिव्हवर निर्धास्त राहायचं की स्कोअरची धास्ती घ्यायची?

गुणसूत्र१३
आधी अहवालाचं शेवटचं पान उघडा, तिथे तपासणीची पद्धत दिलेली असते. काही घरपोच किटमध्ये बीआरसीए-१ आणि २ मधले मोजकेच ठरावीक बदल बघतात. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या) ज्यू समाजात जास्त आढळणारे तीन बदल, एवढ्यावरच काही किट थांबायचे. या दोन जनुकांत रोगकारक बदल हजारोंनी नोंदलेले आहेत, त्यामुळे बाकीच्यांसाठी असा निगेटिव्ह जवळजवळ निरुपयोगी. पूर्ण सिक्वेन्सिंग (जनुकातलं अक्षर न् अक्षर वाचणं) हवं, सोबत मोठे तुकडे गळालेत किंवा दुप्पट झालेत का हेही तपासलेलं हवं. पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र तपासायच्या जनुकांच्या यादीत, बीआरसीए-१, २, एटीएम, चेक-२, पाल्ब-२, हॉक्स-बी-१३ आणि लिंच सिंड्रोमची (आतड्याच्या वगैरे कॅन्सरचा आनुवंशिक धोका) जनुकं (विशेषतः एमएसएच-२, एमएसएच-६) असावीत.

दुसरं, तुमच्या माहितीत दोन वेगळे धागे आहेत. वडिलांचा आजार पितृकुळातला, मावशीचा मातृकुळातला. 'प्रोस्टेट म्हणजे फक्त वडिलांची बाजू' या समजुतीपायी आई, मावशी, मामा यांची माहिती विचारलीच जात नाही. ही जनुकं लिंग-गुणसूत्रांवर नाहीत. बीआरसीए-२ आहे १३व्या गुणसूत्रावर, आणि त्यातला बदल आईकडून मुलात येण्याची शक्यता वडिलांकडून येण्याइतकीच, ५० टक्के.

म्हणून तपासणी आधी वडिलांची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या ६९२ पुरुषांपैकी ११.८ टक्क्यांत डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात रोगकारक बदल सापडले, सगळ्यात जास्त बीआरसीए-२ मध्ये. वडिलांत बदल सापडला आणि मुलात तोच नसला, तर तो खरा निगेटिव्ह. घराण्यातला बदलच माहीत नसेल, तर मुलाच्या निगेटिव्हचा अर्थ 'शोधलं, सापडलं नाही' एवढाच. मावशीच्या बाजूसाठी मावशीचा नमुना मिळाला तर उत्तम, नाहीतर आईचा.

स्निपस्निप
आता स्कोअर. शेकडो ठिकाणचे छोटे बदल, ज्यातला एकेक धोका जेमतेम वाढवतो, त्यांची भारित बेरीज म्हणजे हा आकडा. यातला ठळक पट्टा ८व्या गुणसूत्रावरचा ८क्यू२४. धोका सरासरी पुरुषाच्या तुलनेत किती, ते स्कोअर सांगतो. कॅन्सर आक्रमक असेल की आयुष्यभर निपचित पडून राहील, हे वेगळं काढणं त्याला फारसं जमत नाही.

लोक चुकतात ते गुणाकारात. वडिलांमुळे दुप्पट, स्कोअरमुळे अमुकपट, म्हणून दोन्ही गुणायचे, असं नाही. घराण्याच्या इतिहासातला काही भाग स्कोअरमध्ये आधीच आलेला असतो. शिवाय बहुतेक स्कोअर प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले, इतरांसाठी त्यांची अचूकता घटते. 'वरचे १० टक्के' कोणत्या लोकसंख्येतले, हे अहवालात नसेल तर तो आकडा मी बाजूलाच ठेवेन.

तरी स्कोअर फुकाचा नाही. ब्रिटनमधल्या बारकोड-१ अभ्यासात ५५ ते ६९ वयाच्या, वरच्या १० टक्के स्कोअरच्या पुरुषांना पीएसए काहीही असो, एमआरआय आणि बायोप्सी देऊ केली. ४६८ जणांनी ती करून घेतली, १८७ जणांत कॅन्सर निघाला. पण वय बघा, हा निष्कर्ष ४४ला जसाच्या तसा लावता येत नाही.

आडवाउभा
वडिलांच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) उपलब्ध आहे. त्यावरच तपासणी केली तर चालेल?

गुणसूत्र१३
उपचारासाठी उपयोगी, वारशासाठी अपुरी. गाठीत जन्मजात आणि गाठीतच नंतर झालेले, दोन्ही बदल मिसळलेले असतात. गाठीत बीआरसीए-२ मधला बदल दिसला तर रक्तावर खात्री करावीच लागते. गाठीत नाही दिसला तरी जन्मजात बदल नाही असं ठरत नाही. जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुटलेला असतो, जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर ते सहज नजरेतून निसटतं.

रक्ताच्या नमुन्याचीही एक मेख आहे. उतारवयात रक्तपेशींच्या एखाद्या गटात एटीएम, चेक-२ किंवा टीपी-५३ चे बदल नव्याने झालेले असू शकतात. जन्मजात बदल साधारण ५० टक्के रीड्समध्ये (डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यांत) दिसतो. १५-२० टक्केच दिसला तर त्वचेच्या पेशी वाढवून खात्री करा, त्याआधी मुलाबाळांना तपासायला धाडू नका. 'अर्थ अनिश्चित' शेऱ्याच्या बदलावरून तर कोणाचेच निर्णय घ्यायचे नाहीत.

स्निपस्निप
मुलात बीआरसीए-२ मधला बदल निघाला तर ४०पासून दरवर्षी पीएसए हा रूढ सल्ला. बीआरसीए बदल असलेल्या पुरुषांच्या इम्पॅक्ट अभ्यासात पीएसए ३ च्या वर गेला तर बायोप्सी सुचवली होती. न निघाला तरी वडिलांच्या आजारामुळे ४५च्या सुमारास सुरुवात करावी.

१.४ हा आकडा खरा आहे का, तेही विचारा. केसांसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर येतो, आणि हे औषध डॉक्टरांना सांगायचं हमखास राहून जातं. उलट केएलके-३ (पीएसए बनवणारं जनुक) मधल्या काही बदलांमुळे कॅन्सरचा धोका न वाढताही पीएसए मुळातच जास्त असतो. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळा. लघवीचा संसर्ग झाला असेल तर तो बरा झाल्यावर सहा आठवडे थांबून मगच तपासा.